साठ हजारी मनसबदार

मोगल दरबारात पंचहजारी, सप्तहजारी मनसबदार असत. सदाशिव पेठेतले एक निवृत्त बँक अधिकारी मात्र थेट साठ हजारी आहेत. दर रविवारी पोहे झाले की ते ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल दुधाबरोबर घेतात आणि दुपारपर्यंत गुडघ्यांची कुरकुर थांबेल या आशेने घड्याळाकडे बघत बसतात.

जेवणाच्या टेबलावर काकूंचा जुना मिसळणाचा डबा असतो. वाट्या सातच्या सात, मसाला एकीतही नाही. मोहरीच्या वाटीत बी-ट्वेल्व्ह, जिऱ्याच्या वाटीत कॅल्शियम आणि हळदीच्या वाटीत बी-कॉम्प्लेक्स. ही निवड मात्र अचूक, कारण ती गोळी घेतली की लघवी पिवळीधमक होते. "लागू पडतंय," काका समाधानाने म्हणतात. प्रत्यक्षात ती रायबोफ्लेविनची पाठवणी असते. शरीराने जास्तीचं परत केलेलं असतं.

क जीवनसत्त्वाचीही तीच गत. दिवसाला ८० मिलिग्रॅम पुरतं. चघळायची नारंगी गोळी ५०० ची. २०२० मध्ये ती मेडिकलवाल्यांकडे मिळेनाशी झाली होती. पण काकांना एकट्याला का बोल लावायचा? लायनस पॉलिंग यांच्याकडे तर दोन नोबेलं होती, १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. त्यांनी १९७० मध्ये सर्दी आणि क जीवनसत्त्वावर पुस्तक लिहिलं आणि पुढे स्वतः दिवसाला १८ ग्रॅमपर्यंत मजल मारली. म्हणजे नारंगी गोळ्या छत्तीस! नंतरच्या चाचण्यांत दिसलं ते एवढंच, की रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांचीही सर्दी टळत नाही, फक्त सुमारे ८ टक्के लवकर आटोपते. सात दिवसांच्या सर्दीत तेरा तासांची बचत.

ब आणि क म्हणजे चालू खातं, आलं, गेलं. (ब-१२ तेवढं यकृतात शिल्लक टाकतं. शाकाहारी घरांत त्याची खरोखर चणचण असते, तेव्हा मोहरीच्या वाटीला कुणी हसू नये.) अ, ड, ई, के चरबीत विरघळतात, त्यांची होते मुदत ठेव. दिवसाची गरज ६०० युनिट धरली तर साठ हजारीची एक कॅप्सूल म्हणजे शंभर दिवसांची बेगमी. म्हणून डॉक्टर ती आठवड्याला एक, सहसा आठ आठवडे, अशी लिहून देतात. कुणी ती रोज घेतं, कुणी "मानवतेय" म्हणून वर्षानुवर्षं. मग रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि शेवटी मूत्रपिंडांवर बेततं. जन्मभर दुसऱ्यांच्या ठेवींच्या मुदती तपासलेल्या काकांचे आठ आठवडे गेल्या गणपतीतच संपले होते.

परवा तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "सध्या औषधं कोणती चालू आहेत?"

"एकही नाही," काका ताठ बसून म्हणाले.

काकूंनी पिशवीतून मिसळणाचा डबा काढला आणि झाकण उघडून डॉक्टरांपुढे सरकवला.