शेवाळाची बडदास्त

खाऱ्या पाण्याचा टँक घरात ठेवणाऱ्याला लोक मासे पाळणारा समजतात. मासे नुसतं निमित्त. टँक उभा राहिला की थोड्याच दिवसांत कळतं, आपण शेवाळाच्या तैनातीत रुजू झालो आहोत. दिवे, पंप, मासे, प्रवाळ आणि विजेचं बिल ही सगळी त्याच्याच सोयीची व्यवस्था आहे.

आमचा टँक दोनशे लिटरचा. समुद्र घरापासून रिक्षाच्या अंतरावर, पण मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी दिवाणखान्यात आणावं असं ते जवळून पाहिलेला माणूस म्हणणार नाही. त्यामुळे आमचा समुद्र घरीच तयार होतो. नळाचं पाणी आरओतून गाळायचं आणि त्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम विलायती मीठ विरघळवायचं. माझ्या सासूबाई शिरोड्याच्या. 1930 साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला त्या गावच्या माहेरवाशिणीसमोर मी परदेशी मिठाची बादली फोडते, तेव्हा त्या काही बोलत नाहीत. फक्त किंमत विचारतात आणि देवघराकडे निघून जातात.

एवढं करूनही शेवाळ येतंच, आणि क्रमाने येतं. आधी वाळूवर तपकिरी साय धरते, ते डायटम. नव्या टँकमधलं सिलिकेट संपलं की आपण होऊन जातात. इतकं समजूतदार काही पुन्हा भेटत नाही. मग दगडांना हिरवे केस फुटतात. घरात ज्याला केसांची खरी गरज आहे तो माणूस रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्या दगडांवरची दाट झुलपं बघत बसतो. ती उपटायला कोपरापर्यंत हात घालावा तर चिमटीत निम्मीच येतात, बाकीची बुडाशी घट्ट. मग जुना टूथब्रश. त्या घासण्याने उठलेला गाळ पाण्यात पसरतो, मासे त्याला जेवण समजून धावून येतात, आणि तोंडात घेऊन माझ्याकडे बघत थुंकतात.

त्यानंतर लाल बुळबुळीत गालिचा. हे शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया. दुपारी दिवे पूर्ण लागले की त्यावर ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे चमकतात. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला सुरुवात केली ती यांच्याच पूर्वजांनी. ज्यांच्या कृपेने मी श्वास घेते, त्यांना दर रविवारी नळीने ओढून बादलीत घेते आणि मोरीत ओतते. कामाच्या मावशींना तेही पुरेसं वाटत नाही. "ताई, एकदा पाणी काढून द्या, काथ्याने आणि पावडरने लख्ख करते." घरातली एकच गोष्ट त्यांच्या हातची नाही आणि नेमकी तीच कळकट, ही खंत त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बोलून दाखवतात.

शेवाळाचं अन्न म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. ते येतं माशांच्या खाण्यातून, म्हणजे आमच्याच हातून. ते मोजायला काचेच्या बारक्या नळ्या असतात. पाण्यात थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं आणि आलेली निळाई छापील पट्टीशी जुळवायची. नवऱ्याला ती फिकट दिसते, मला गडद. खिडकीशी नेली की दोघांनाही तिसरीच दिसते. गंमत म्हणजे टँक हिरवागार झालेला असतानाही फॉस्फेट बऱ्याचदा शून्याच्या आसपास येतं, कारण होतं तेवढं शेवाळाने आधीच गिळलेलं असतं. दगड हिरवा, अहवाल कोरा. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या माझ्या वडिलांना हे एका वाक्यात समजलं. बाकीच्यांना अजून समजवावं लागतं.

मग नोकरमाणसं ठेवली. टर्बो गोगलगायी कामाला वाघ, पण उताणी पडली की पुष्कळदा आपली आपण उलटत नाहीत. रात्री झोपण्याआधी आमच्याकडे गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का आणि गोगलगायी सुलट्या आहेत का, एवढं बघून दिवे मालवतात. लॉनमोअर ब्लेनी नावाचा मासा खास शेवाळ खाण्याच्या बोलीवर आणला. सुरुवातीला दगडावर तोंड घासत फिरला. मग इथे दोन वेळा आयतं जेवण पडतं हे त्याच्या लक्षात आलं. आता तो सकाळी काचेशी येऊन डब्याची वाट बघतो.

खाणारं तोंड नसेल तर काय होतं, ते जमैकाच्या प्रवाळांनी बघितलं. तिथले शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपवले होते. सगळा भार लांब काट्यांच्या काळ्या सी-अर्चिनवर होता. 1983 साली पनामाजवळ त्यांच्यात मरी सुरू झाली आणि वर्षभरात जवळजवळ सगळा कॅरिबियन समुद्र अर्चिनविना झाला. जमैकात पूर्वी जिथे निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला असे, तिथे पाच टक्केही उरलं नाही, बाकी शेवाळ. हे मी गंभीरपणे सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. "दर्यात शेवाळ येवचा नाय तर काय कोथमीर येतली?" त्या म्हणाल्या.

ब्रायोप्सिस हे पिसांसारखं दिसणारं शेवाळ मात्र सहसा कोणी तोंडाला लावत नाही. त्यावर हौशी लोकांत फ्लुकोनाझोलचा उपाय चालतो. माणसाच्या बुरशीवरचं औषध, लिटरला पाचेक मिलिग्रॅम. दोनशे लिटरला एक ग्रॅम, म्हणजे दीडशेच्या सात गोळ्या. मी औषधाच्या दुकानात गेले.

"सात? पेशंट कोण?"

"टँक."

"टाकी?" त्याने चष्मा वर केला. "सोसायटीच्या टाकीत टाकणार?"

मागे उभ्या असलेल्या काकू आमच्याच बी विंगच्या निघाल्या. मी घरी पोचायच्या आत सेक्रेटरींचा फोन आला, पाण्यात नक्की काय आहे विचारायला. गोळ्या तर चिठ्ठीशिवाय मिळाल्याच नाहीत. ब्रायोप्सिस अजून भुवया कोरायच्या चिमट्याने उपटते. पार्लरला जाणं मात्र राहून जातं.

हे सगळं कोणासाठी, तर प्रवाळासाठी. आमच्याकडे मशरूम आणि झोअँथिड, म्हणजे मऊ जातीची मंडळी. दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघ आहे तिथेच. त्यामुळे शिरोड्याहून मामेसासरे "दोन दगड हाडतंय" म्हणाले तेव्हा त्यांना घाईघाईने थांबवावं लागलं. आणि प्रवाळ तरी जगतं कशावर? त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळावर. ते उजेडात साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देतं. पागडीच्या चाळीत शोधून सापडणार नाही असा नेमाने भाडं भरणारा भाडेकरू. तेव्हा शेवाळ नको असं आमचं म्हणणंच नाही. ते प्रवाळाच्या आत असावं, काचेवर नसावं. हा भेद पाण्यातल्या फॉस्फेटला कळत नाही.

मध्यंतरी मी अंगात आल्यागत शुद्धीकरण केलं. लोहाची फॉस्फेट शोषणारी दाणेदार पूड, फेसातून घाण काढणारा मोठा स्किमर, माशांचा एकभुक्त संसार. नायट्रेट आणि फॉस्फेट, दोन्ही आकडे खरोखर शून्यावर आले. प्रतिस्पर्धी उपाशी मरताच डायनोफ्लॅजेलेटांनी मैदान ताब्यात घेतलं: तपकिरी, चिकट, बुडबुडे लोंबणाऱ्या तारा. प्रवाळाच्या पोटातला तो नेमाचा भाडेकरूही याच खानदानातला, हे कळल्यावर माझा राग कुठे धरावा तेच समजेना. उपाय म्हणून तीन दिवस अंधार. टँकवर काळी चादर टाकली. भेटायला आलेल्या एका मावशींनी चपला काढता काढता हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

सध्या टँकखालच्या कपाटात दुसरा दिवा लावून मी कीटोमॉर्फा वाढवते. हे गुंतवळासारखं शेवाळ खाली पोटभर जेवलं की वरच्याला उपाशी राहावं लागतं, आणि ओंजळभर काढून टाकलं की त्यासोबत फॉस्फेटही घराबाहेर जातं. ते छान वाढलं. मग पाण्यातलं सगळं खाऊन फिकं पडायला लागलं. नवरा ऑफिसातून फोन करून पहिल्यांदा त्याचीच तब्येत विचारतो.

त्यासाठी दुकानात गेले. फॉस्फेट काढायची बाटली आणि फॉस्फेट घालायची बाटली एकाच फळीवर, एकमेकींना खेटून होत्या. दुकानदाराने दोन्ही उतरवल्या.

"कुठली देऊ, मॅडम?"

"दोन्ही द्या."

"बरोबर," तो म्हणाला, "सगळे दोन्हीच नेतात," आणि त्याने दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत घातल्या.