वार्षिक परिषदेचा समन्वयक

विद्यापीठातला संशोधन प्रशासक हा मूळचा शांत माणूस. प्राध्यापकाने आणलेले बिल चष्म्यावरून पाहायचे, त्यात त्रुटी काढायची आणि ते 'पूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून पाठवून द्यायचे, हे त्याचे नित्यकर्म. एके वर्षी मात्र संशोधन प्रशासकांची वार्षिक परिषद भरवण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते आणि तो समन्वयक होतो. ही जबाबदारी कोणी मागून घेत नाही. आधीच्या परिषदेच्या समारोपात 'पुढचे यजमान कोण?' असा प्रश्न निघतो, सगळे सभागृह एकदम मोबाइलमध्ये डोके घालते आणि ज्याचे डोके वर राहते त्याच्या विद्यापीठाच्या नावाने टाळ्या वाजतात.

हा व्यवसाय जगाला नवा नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठीय संशोधन प्रशासकांनी १९५९ सालीच आपली राष्ट्रीय संघटना काढली. आपल्याकडे काम जुने, पण त्याला नाव नव्हते. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्याच्या काळात ते 'बीसीयूडी'च्या, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाच्या, एका कोपऱ्यात चाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये संशोधन व विकास कक्षांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढल्यावर दारावरची पाटी बदलली. आतले कपाट तेच राहिले आणि त्याची किल्लीही ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली.

समन्वयकाचे पहिले काम तारीख काढण्याचे. अनुदानाचे मंजुरीपत्र यायला दिवाळी उलटते आणि पैसे ३१ मार्चच्या आत खर्ची पडावे लागतात. त्यामुळे राज्यातल्या साऱ्या परिषदा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकमेकींच्या अंगावर पडतात. त्यातून बारावीची परीक्षा, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, नॅक समितीची भेट आणि कुलगुरूंचा दिल्ली दौरा वजा केला की दोन दिवस हाती लागतात. त्या दोन दिवशी सभागृह स्नेहसंमेलनाला दिलेले असते. विषय ठरवायला त्या मानाने वेळ लागत नाही. 'विकसित भारत २०४७ आणि संशोधन प्रशासन : आव्हाने व संधी' हा सर्वानुमते मंजूर होतो. आदल्या वर्षी 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि संशोधन प्रशासन : संधी व आव्हाने' असल्यामुळे पुनरावृत्तीचा आरोप कोणी करू शकत नाही.

मग समित्या नेमल्या जातात. भोजन समितीत जायला बरेच जण राजी असतात, वाहतूक समितीत कोणीच नसतो. सल्लागार समितीतल्या मान्यवरांना आपण त्या समितीत असल्याचे छापील माहितीपत्रकातूनच कळते. खरे रक्त आटते ते या पत्रकावरच्या फोटोंपायी. कुलपती सर्वांत वर, त्याखाली कुलगुरू, मग प्र-कुलगुरू, इथवर वाद नसतो. कुलसचिव आणि वित्त व लेखा अधिकारी यांचे फोटो एका ओळीत घ्यायचे की खालीवर, यावर मात्र चार नमुने छापून येतात आणि चौथ्यात दोघेही सारखेच नाराज होतात. स्वतःचा फोटो समन्वयक नम्रपणे मागच्या पानावर घालतो. तिथे तो घडीवर येतो.

एवढ्यावर निभावले असते, पण पुढे पैशांचा प्रश्न येतो आणि इथे या माणसाची खरी ओळख पटते. सामान्य वित्तीय नियम २०१७, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला 'जीएफआर', त्याला पाठ असतो. केंद्राच्या अनुदानातून काही घ्यायचे तर आधी 'जेम' हे सरकारी खरेदीचे पोर्टल पाहावे, तिथे वस्तू नसेल तर तसा अहवाल काढून फाइलला लावावा, तीन दरपत्रके मागवावीत, तुलनात्मक विवरणपत्र करावे, हे त्याने शेकडो प्राध्यापकांना समजावून सांगितलेले असते. आपल्यालाही कधी काही विकत घ्यावे लागेल, ही शक्यता मात्र त्याच्या मनाला शिवलेली नसते. परिषदेच्या निमित्ताने त्याला एकाएकी दोनशे ज्यूटच्या पिशव्या, तितकीच पेने, पाहुण्यांसाठी शाली आणि एकवीस नारळ लागतात.

लेखा विभागातले ज्येष्ठ लिपिक फाइल उघडतात, दोन पाने उलटतात आणि विचारतात, "साहेब, पिशव्यांचं तुलनात्मक विवरणपत्र दिसत नाही?"

"अहो, परिषद सोमवारी आहे."

"ते खरंय. पण हे परिपत्रक आपल्याच सहीचं आहे ना? 'तातडीचे कारण ग्राह्य धरले जाणार नाही', असं ठळक अक्षरांत आहे बघा."

साहेब परिपत्रक वाचून पाहतात. मसुदा उत्तम असतो. कुठेही फट ठेवलेली नसते. पलीकडच्या खुर्चीत भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक बसलेले असतात. त्यांचे सोल्डरिंगच्या तारेचे बिल याच परिपत्रकाखाली तीनदा परत गेलेले असते. त्यांचे लेखा विभागात त्या दिवशी काहीही काम नसते. शिपायाला ते स्वतःहून चहा सांगतात, दोन.

यानंतर समन्वयक त्या वाटेने जातो, जिच्यावर त्याने आयुष्यभर पहारा दिला. तीन वेगवेगळ्या दुकानांची दरपत्रके एकाच झेरॉक्सवाल्याकडे टाइप झालेली तो अनेक वर्षे नुसत्या फॉन्टवरून ओळखत आला आहे. आता पुरवठादाराला तो खाजगीत एवढेच म्हणतो, "निदान फॉन्ट तरी वेगळे ठेवा." या जागी बाई असल्या तर त्या लेटरहेडचे रंगही वेगळे ठेवायला सांगतात. एकंदरीत त्यांचे काम अधिक नीटस असते.

पाहुण्यांच्या विमानभाड्याचेही असेच. केंद्राच्या पैशातून तिकीट काढायचे तर बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच, हे समन्वयक निमंत्रणपत्रात अधोरेखित करतो. बीजभाषक मात्र मुलाने मोबाइलवरून काढून दिलेल्या स्वस्त तिकिटावर येतात. दोन हजार वाचवल्याचा त्यांना आनंद असतो, तो मोडवत नाही. बोर्डिंग पास ते विमानातल्या पुस्तकात खूण म्हणून घालतात आणि पुस्तक विमानातच राहते.

प्रत्यक्ष परिषदेबद्दल फार सांगण्यासारखे नसते. समई पेटावी म्हणून पंखे बंद होतात आणि उद्घाटन संपेपर्यंत ते परत लावायचे कोणाला सुचत नाही. विद्यापीठ गीत, राज्यगीत, सत्कार आणि प्रास्ताविक होता होता चहाची वेळ टळून जाते. एक वक्ते अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा २०२३ चा कायदा कलमवार वाचून दाखवतात. दुसरे त्याच कायद्यावर बोलायला आलेले असतात, ते 'माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलेच आहे' असे म्हणून पुन्हा पहिल्या कलमापासून सुरुवात करतात. भोजन समितीने दीडशे ताटांचा अंदाज दिलेला असतो. सव्वादोनशे माणसे जेवतात आणि त्यांतल्या काहींना ही कसली परिषद आहे ते बासुंदी वाढल्यानंतरही माहीत नसते.

तरीही या परिषदा वाया जातात असे म्हणणे अन्यायाचे होईल. खरे सत्र चहाच्या टेबलाभोवती भरते. नांदेडचा माणूस कोल्हापूरच्या माणसाला विचारतो, "तुमच्याकडे पीएफएमएसवर बिल अडकलं की काय करता?" कोल्हापूरचा खिशातून पेन काढतो आणि पेपर नॅपकिनवर त्या सरकारी पोर्टलवरच्या मेकर, चेकर, अ‍ॅप्रूव्हर यांच्या लॉगिनचा क्रम लिहून देतो. भोवती गर्दी होते. संस्थेच्या वाट्याला येणारा 'ओव्हरहेड' नेमका कुठे जिरतो, यावर कोणत्याही व्यासपीठावरून झाली नसती इतकी मोकळी चर्चा इथे होते. कोणीतरी आपला हिशेबाचा एक्सेल तक्ता पेनड्राइव्हवर सर्वांना देऊन टाकतो. तो नॅपकिन पुढे कार्यालयातल्या काचेखाली वर्षानुवर्षे राहतो. परिषदेची स्मरणिका मात्र पिशवीतून बाहेर येत नाही. समन्वयक ही गर्दी लांबून पाहतो आणि घंटी वाजवून सर्वांना सभागृहात हाकलतो, कारण आत तिसरे वक्ते कायदा घेऊन उभे असतात.

समारोपाला माणसे थांबावीत म्हणून प्रमाणपत्रे शेवटी द्यायची, हा सर्वत्र रूढ उपाय आहे. तो आता कोणाला अडवू शकत नाही. प्रतिनिधी दुपारीच नोंदणीच्या टेबलाशी येतात आणि गाडीची वेळ सांगतात. सांगली, जळगाव, अकोला, सगळ्या गाड्या योगायोगाने सव्वातीनच्या असतात. रिकाम्या खुर्च्यांवर राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आणून बसवली जातात. आभारप्रदर्शनाला सर्वांत जोरात टाळ्या तीच देतात.

मंडप उतरतो, पण समन्वयकाची परिषद पुढे सहा महिने चालते. खर्चाचा ताळमेळ लावून १२-अ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचे असते, अनुदानावर बँकेत पडलेले व्याजाचे सदतीस रुपये भारतकोशवरून केंद्राला परत करायचे असतात. बीजभाषकांच्या हरवलेल्या बोर्डिंग पासबद्दल त्यांच्याकडूनच स्वयंघोषणापत्र मागवावे लागते आणि ते सही न करताच पाठवतात. हे सगळे निस्तरल्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो : 'श्रीफळ खरेदी २१ नग, सत्कारात वाटप १९ नग. उर्वरित २ नगांची साठा नोंदवहीत नोंद आढळून येत नाही. खुलासा व्हावा.'

समन्वयक खुलासा लिहितो की, एक नग उद्घाटनप्रसंगी फोडण्यात आला व एक नासका निघाला. पंधरा दिवसांनी फाइल परत येते. फोडलेला नग मान्य झालेला असतो. नासक्या नगाच्या निर्लेखनास सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी घेतली होती काय, अशी विचारणा असते. असा प्रस्ताव कसा तयार करायचा हे विद्यापीठात फक्त समन्वयकालाच येते. तो तसा तयार करतो, नासक्या नगाचे वर्णन, अंदाजित किंमत आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, आणि फाइल कुलगुरूंकडे सहीला जाते.