खारं पाणी पाहायला

खाऱ्या पाण्याचं वलगावच्या माणसाला काय अप्रूप! पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. आमच्या शेजारच्या भातकुलीपासून दर्यापूर, अकोला, पार बुलडाण्यापर्यंत. बोअर मारलं की पाणी लागतं, पण त्यात डाळ शिजत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. इथं कधीकाळी समुद्रच होता, असं म्हातारी माणसं छातीठोकपणे सांगतात. म्हणून विशाखापट्टणमला जायचं ठरलं तेव्हा मामींनी पहिला प्रश्न केला, ‘‘खारं पानी पाहाले इतल्या दूर कायले जा लागते? भातकुलीले जाऊन येऊ.’’

पण मामा ऐकणारे नव्हते. मुंबईचा समुद्र त्यांनी पाहिला होता आणि त्यात सूर्य बुडतानाही पाहिला होता. आता त्यांना तो निघताना पाहायचा होता. बडनेऱ्याला गाडीत बसलो. वर्धा, बल्लारशा, वरंगल, विजयवाडा. दशम्या आणि ठेचा बल्लारशालाच संपला, कारण समोरच्या बाकावरच्या अनोळखी कुटुंबाला ‘‘घ्या ना जी’’ म्हटल्याशिवाय आमच्या मामींच्या घशाखाली घास उतरत नाही.

आंध्रात वऱ्हाडी माणसाची एक भलतीच पंचाईत होते. कुठून आलात विचारलं की आपण सवयीने म्हणतो, अमरावती. त्यांचीही एक अमरावती आहे, कृष्णेकाठी. पुरातन स्तूप असलेली, आणि 2015 साली राजधानीची पायाभरणी झालेली. रिक्षावाला एकदम घरचा माणूस भेटल्यासारखा तेलुगूत सुरू झाला. मामांनी ‘‘महाराष्ट्र, महाराष्ट्र’’ म्हणून पाहिलं, मग वलगाव सांगितलं, मग पेढी नदीचा पूल, जिथं 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला. रिक्षावाल्याने बाबांच्या नावाला हात जोडले आणि पुन्हा तेलुगू सुरू केलं.

शहर मात्र देखणं. पूर्वघाटाचे डोंगर थेट वस्तीत शिरलेत आणि तिथून पाण्यात उतरलेत. कैलासगिरीवर रोपवेने चढलं की एका बाजूला हिरवा डोंगर, दुसऱ्या बाजूला किनाऱ्याची लांबच लांब वळणं आणि दूर बंदराशी डॉल्फिन नोज नावाचा कडा. आमच्याकडे डोंगर म्हणजे चिखलदरा आणि पाणी म्हणजे धरण; दोन्ही एकाच खिडकीतून दिसावं ही चैन आम्हाला ठाऊक नाही. मामांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘एवढं पानी, अन् कपाशीले एक पाळी देता येत नाही!’’ त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

सूर्योदयासाठी अंधारात उठवलं तेव्हा मात्र तेच कुरकुरले. रामकृष्ण बीचवर पोचलो तोवर सूर्य वर आलेला. मामांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या, वाकून बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. आम्ही सगळे निकालाची वाट पाहत उभे. ‘‘आपल्या बोअरपेक्षा जास्त हाय,’’ ते म्हणाले, पण अशा आवाजात की फरक फारसा नाही. मामी लांबच होत्या. एक लाट आली, परत जाताना त्यांच्या टाचांखालची वाळू ओढून गेली आणि ‘‘अवं माय!’’ म्हणत त्यांनी शेजारच्या परक्या बाईचा दंड धरला. ती बाई हसली. मग दोघी तशाच हात धरून पुढच्या लाटेत गेल्या. भातकुलीचं नाव त्यानंतर निघालं नाही.

तिथंच वाळूवर ‘कुरसुरा’ पाणबुडी उभी आहे. 1969 ला नौदलात आलेली, 2001 ला निवृत्त, पुढच्याच वर्षी संग्रहालय झालेली. आत मामांनी दोनदा डोकं आपटून घेतलं. एकावर एक बर्थ पाहून त्यांचं मत पडलं की यापेक्षा आपला स्लीपर कोच बरा, निदान खिडकी तरी असते.

खरा धक्का जेवणात बसला. वऱ्हाडी ठेच्यावर पोसलेल्या माणसाला दुसरीकडचं तिखट काय करणार, अशा तोऱ्यात मामा बसले. पानात गोंगुऱ्याची चटणी आली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी. मामींनी चाखली, थांबल्या, पुन्हा चाखली. ‘‘अंबाडी हाय ही!’’ एवढ्या लांब येऊन अंबाडीच! ती यांनी ज्वारीच्या कण्या न घालता कशी केली, यावर मामी आणि वाढणारा यांच्यात दोन भाषांत बराच वेळ चर्चा झाली. लसूण किती, हे बोटांवर ठरलं.

परतताना राजमहेंद्रीला गोदावरी लागली. पूल संपता संपत नाही. लोक नाणी टाकत होते. मामा खिडकीशी सरसावले. वर्धा वैनगंगेला मिळते, त्यांची प्राणहिता होते, ती गोदावरीत येते. म्हणजे अमरावतीच्या नळाला येतं त्या अप्पर वर्ध्याचंच पाणी हे. ‘‘आन् आपली पेढी?’’ मामींनी विचारलं. पेढी पूर्णेत, पूर्णा तापीत, आणि तापी सुरतेजवळून समुद्रात, मामांनी सांगितलं.

‘‘मंग पुढच्या खेपेले सुरत,’’ मामी म्हणाल्या. ‘‘तिथं साड्याबी सस्त्या भेटतात.’’