खेदाची पट्टी

रेल्वेइतक्या गोड आवाजात आपल्याला कुणी ताटकळत ठेवत नाही. गाडी दहा मिनिटं लेट असो नाहीतर पाच तास, ‘खेद आहे’ची पट्टी तीच. असणारच. मुळात ते वाक्य कुणी बोलतच नाही. गाड्यांची नावं, स्टेशनं, आकडे असे रेकॉर्ड केलेले तुकडे संगणक जोडतो. सरला चौधरी १९८२ साली मध्य रेल्वेत उद्घोषणा करू लागल्या, तेव्हा निदान माइकसमोर बसून कुणीतरी बोलायचं.

आता ठाण्याच्या फलाटावर हा खेद ऐकून कुणी मोबाइलवरून मानही वर करत नाही. पण मध्येच माइक खरखरतो, कुणीतरी खाकरतं, आणि वैतागलेल्या आवाजात ‘दोनवरची कल्याण स्लो पाचवर...’ एवढंच येतं. पुढचं ऐकायला थांबतोय कोण? अख्खा फलाट जिन्याकडे, गुडघेदुखीवाल्या आजींसकट! त्या आवाजाला ना गोडवा ना व्याकरण, म्हणून तर विश्वास बसतो. फक्त तो कुणा साहेबाच्या कानावर पडू नये. लगेच मृदू संभाषणाच्या प्रशिक्षणाला धाडतील बिचाऱ्याला, आणि गाडी पाचवरून सुटेल तेव्हा आपण दोनवर प्रसन्नचित्ताने उभे.