डिस्कला कुंकू लावू नये

कुकटपल्लीच्या केपीएचबी कॉलनीत इमारतीखालच्या पार्किंगला सगळे ‘सेलर’ म्हणतात. खंडेनवमीच्या सकाळी एखाद्या सेलरमध्ये उतरून पाहावं. तेलुगू शेजाऱ्यांची आयुधपूजा आणि पुण्या-नांदेडहून नोकरीसाठी आलेल्या मराठी बिऱ्हाडांची खंडेनवमी एकाच नळापाशी भेटतात. मोटारींना झेंडूचे हार, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू, फोडायला कोहळा. आणि कोपऱ्यात, मीटरच्या पेटीखाली, तांबड्या चिखलानं माखलेली एक माउंटन बाइक.

तिचा मालक बहुधा आयटीतला. पावसाळ्यात तो तिला विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात घेऊन गेलेला असतो. (मुसी नदी उगम पावते ती तिथेच.) परतल्यावर ‘पुढच्या रविवारी धुऊ’ म्हणता म्हणता नवरात्र सरतं. नवमीला शस्त्र स्वच्छ हवंच, म्हणून गृहस्थ हात धुवून सायकलच्या मागे लागतात.

पहिला विचार येतो ‘वॉटर वॉश’चा. कोपऱ्यावरच्या दुकानात मोटारी धुतात तसा पाइप मारला की पाच मिनिटांत काम फत्ते. मोटारीच्या टायरात हवेचा दाब असतो साधारण दोन बार. या पाइपातलं पाणी शंभर बारच्या आसपास सुटतं. चिखल जातो, प्रश्नच नाही. पण दोन्ही हब, हँडलची मान आणि पेडलचा ॲक्सल यांत बेअरिंग असतात. त्यांतलं ग्रीसही जातं आणि त्या जागी पाणी राहायला येतं, तेही बिनभाड्याचं. पुढे महिनाभर सायकल चालताना कुरकुरते आणि मालक दुकानदाराला दोष देतो.

ग्रीसचं दुखणं या खेळाला जन्मापासूनचं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ च्या ऑक्टोबरात काही तरुणांनी जुन्या जाडजूड सायकली डोंगरउतारावरून सोडून शर्यत सुरू केली. ब्रेक मागच्या हबमध्ये. उतरताना तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर पुन्हा भरावं लागे. शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं.

तेव्हा बादली बरी. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, स्पंज आणि एक निवृत्त टूथब्रश. वरून खाली पुसत यावं, चेनला लागलेला स्पंज पुन्हा फ्रेमला लावू नये. हैदराबादच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी एक दिवसाआड येतं, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे पाइप सोडून धुणाऱ्याला वॉचमन ‘साब, पानी नक्को बहाओ’ म्हणतो, ते अगदी रास्त. बेंगळुरूत २०२४ च्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर पाच हजारांचा दंड लागला होता.

मग चेन. तिचा काळा मळ पेट्रोलनं झटकन निघतो, असं सांगणारा एक तज्ज्ञ प्रत्येक सोसायटीत असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. सेलरमध्ये ती जमिनीलगत पसरते, आणि चार पावलांवर शेजारच्या वहिनी स्कूटरपुढे कापूर पेटवत असतात! एवढी आरती कोणालाच नको असते. सायकलच्या दुकानात चेनसाठी डिग्रीझर मिळतो, तो वापरावा. पेडल उलटं, हळू फिरवावं. फिरत्या चेनीत आणि दातेरी चाकात बोट घालून चिंधी ओढू नये. चेन कोरडी झाली की कडीकडीला एकेक थेंब तेल, आणि वरचं जास्तीचं पुसून टाकायचं. ते राहिलं तर कुकटपल्लीची निम्मी धूळ त्यावर मुक्कामाला येते.

आता खरा पेच. सायकल चकचकीत झाली, ताम्हन खाली आलं, आणि सासूबाईंनी बोट थेट चाकामधल्या चकतीकडे नेलं.

‘आई, तिथे नको. तो ब्रेक आहे.’

‘अहो, मग तिथेच हवं! जीव त्याच्यावरच ना तुमचा?’

तर्क बिनतोड आहे. अडचण एवढीच की त्या बोटाला निरांजनाचं तूप आहे. डिस्क ब्रेकचे पॅड तेल-तूप शोषून घेतात आणि एकदा शोषलं की ब्रेक नुसता किंचाळतो, लागत नाही. बहुतेक वेळा पॅड बदलावेच लागतात. चेनच्या तेलाचा फवाराही म्हणूनच डिस्कजवळ मारू नये. डिस्क पुसायला स्वच्छ फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कापूर विझल्यावर. चाक पूर्ण थांबलेलं हवं, कारण चकतीला भोकं असतात आणि फिरताना ती विळीइतकीच निर्दय. डोंगर उतरून आल्या आल्या तर हातच लावू नये, चटका बसतो.

तडजोड अशी निघते: कुंकू हँडलला, हळद फ्रेमला, लिंबू चाकाखाली. हार घालायचा तर घाला, पण निघण्याआधी काढा. झेंडूचा दोरा स्पोकमध्ये गुंतला की पूजा रस्त्यावरच उरकते. आणि वर निझामपेट रोडवर जाण्याआधी सेलरच्या सपाटीवर एक फेरी मारून दोन्ही ब्रेक दाबून पाहा.