विचार करायला परीक्षक नेमले आहेत

कॅमेरा बाळगणाऱ्या माणसाची खरी अडचण लेन्सची नसते आणि प्रकाशाचीही नसते. आपला फोटो चांगला आहे की नाही हे त्याला कळत नाही; कळलं तरी एकट्याच्या जिवावर ते मत सांभाळणं जड जातं. घरच्यांना विचारावं, तर ‘छान आलाय, पण मी जाड दिसतेय’ यापुढे समीक्षा सरकत नाही. ग्रुपवर टाकावा, तर फोटो उघडायच्या आत अंगठे उमटलेले असतात. अशा वेळी तीन अनोळखी माणसांनी अंधाऱ्या खोलीत बसून, आपलं नाव-गाव न विचारता, आपल्या फोटोवर एक आकडा दाबावा, याहून स्वच्छ न्याय कुठला? म्हणून कलादालनाच्या दारावर ‘छायाचित्र प्रदर्शनासाठी प्रवेशिका मागवीत आहोत’ असा फलक दिसला की शहाण्या माणसानं फार विचार करू नये. विचार करायला परीक्षक नेमले आहेत.

प्रवेश शुल्काबद्दल काही लोक कुरकुरतात. नाकारलं जाण्यासाठी पैसे का मोजायचे, असा त्यांचा मुद्दा असतो. या मंडळींना कलेचं अर्थकारण समजलेलं नाही. फुकटात मिळालेला नकार हा अपमान असतो. पावती फाडून मिळालेला नकार ही सेवा असते. शिवाय आर्ट पेपरवरचा कॅटलॉग, पाहुण्यांची शाल, समईतलं तेल, उद्घाटनानंतरचा बटाटेवडा हे सगळं कोणाच्या जिवावर होतं? निवड झालेले मूठभर असतात, न झालेले ढीगभर. छायाचित्रकार राजा दीनदयाळांना हैदराबादच्या निजामाचा आश्रय होता. आजच्या प्रदर्शनांना नापासांचा आहे. संस्थानं गेली आणि कलेला वाली उरला नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा ही जमाखर्चाची वही बघावी.

आता फोटो कोणता पाठवायचा? इथे नवखा माणूस हमखास घसरतो. तो स्वतःला आवडलेला फोटो निवडतो. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर डिश अँटेनाची सावली पडलेली असते आणि ती त्याला फार आवडलेली असते. का, ते त्याला सांगता येत नाही. जे एकाला सांगता येत नाही, ते तिघांना एकाच वेळी पटणार कसं? त्यापेक्षा परीक्षकांनी आधी पाहिलेलं आणि आधी मान्य केलेलं पाठवावं, यातच सभ्यपणा आहे. महाराष्ट्रात असा माल मुबलक आहे आणि त्याचं वेळापत्रक पंचांगातच छापलेलं असतं. ज्येष्ठ-आषाढात माऊलींची पालखी दिवेघाट चढते, तेव्हा वळणावरची मोक्याची जागा धरण्यासाठी पहाटेपासून जी चढाओढ चालते, ती पाहिली की वारीत अहंकार गळून पडतो हे फक्त चालणाऱ्यांपुरतं खरं असावं असं वाटतं. सोमवती अमावस्येला जेजुरी. भंडारा उधळला की माणसं, पायऱ्या, दीपमाळा सगळं पिवळं होतं. तिथे कुणीही, कुठेही उभं राहून, कसाही कॅमेरा धरला तरी फोटो येतोच, आणि तो मागच्या वर्षी पहिल्या आलेल्या फोटोसारखाच येतो. इतकी खात्री सरकारी रोख्यांतही राहिलेली नाही.

सण नसेल त्या महिन्यात म्हातारी माणसं असतात. चेहऱ्यावर सुरकुत्या, सुरकुत्यांवर बाजूनं येणारा उजेड आणि जमलं तर धूर. ज्यांना वणवण नको, त्यांच्यासाठी कार्यशाळा असतात. तिथे धुराची सोय केलेली असते, उन्हाच्या तिरिपेची वेळ माहीत असते, कोळी ठरवलेला असतो. तो जाळं फेकतो, ते हवेत गोल उघडतं, ओळीनं उभ्या असलेल्यांचे कॅमेरे एकदम कडकडतात. मग तो पुन्हा फेकतो, कारण कुणाचा तरी फोकस चुकलेला असतो. जाळ्यात मासा येत नाही. मासा या चित्रात कुठेच बसत नाही.

शीर्षकाचा रकाना रिकामा सोडू नये. यासाठी प्रतिभा लागते असा एक गैरसमज आहे; खरं तर सवय पुरते. म्हातारी खिडकीत बसली असेल तर ‘प्रतीक्षा’. दारात बसली असेल, तरी ‘प्रतीक्षा’. डोक्यावर ओझं घेतलेली कुठलीही बाई ‘जीवनसंघर्ष’; ओझं खाली ठेवलं असेल तर ‘विसावा’. टायर पळवणारं मूल ‘निरागस’. वाळकं झाड ‘एकाकी’, त्यावर पक्षी बसला असेल तर ‘आशा’. आणि काय काढलंय हे काढणाऱ्यालाही कळत नसेल, तर ‘अमूर्त’. खिडकीतली ती म्हातारी प्रत्यक्षात हा कॅमेरावाला कधी एकदा जातो याची वाट पाहत असते, तेव्हा शीर्षक चुकलं असंही म्हणता येत नाही.

परीक्षणावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की परीक्षक फोटोकडे नीट बघतच नाहीत. हिशोब करू. समजा, तीन हजार फोटो आले आणि परीक्षक आठ तास बसले. आठ तासांचे २८,८०० सेकंद. म्हणजे एका फोटोच्या वाट्याला साडेनऊ सेकंदांहून थोडं अधिक. चहा, जेवण आणि ‘मागचा परत दाखवा हो’ हे सगळं त्यातच. कमी वाटतं ना? पण तोच फोटो काढताना शटर एका सेकंदाचा पाचशेवा भाग उघडं होतं. परीक्षकांनी त्याच्या ४,८०० पट वेळ दिला. याहून जास्त वेळ फोटोकडे बघण्याची अपेक्षा निदान फोटोग्राफरनं तरी करू नये. त्यानं स्वतः तेवढा बघितलेला नसतो. अर्थात एवढ्या वेळात दिसायचं, तर फोटोनं आवाज चढवायला हवा. आभाळ गडद करावं, कडा काळ्या कराव्यात, हिरवा रंग पोपटी होईपर्यंत ओढावा. आपण कधी न पाहिलेली संध्याकाळ त्यातून तयार होते आणि परीक्षकांनी मात्र ती अनेकदा पाहिलेली असते.

ज्यांची भूक गावातल्या कलादालनानं भागत नाही, त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय सलोन आहेत. फियाप या जागतिक महासंघाच्या छत्राखाली ती देशोदेशी भरतात. फोटो निवडला गेला की एक ॲक्सेप्टन्स खात्यात जमा होतो. ठरलेल्या देशांतून ठरलेल्या संख्येनं जमले की नावापुढे एएफआयएपी लावता येतं, आणखी जमले की ईएफआयएपी, त्यावर कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम आणि मग हिरा. हिऱ्याच्याही एक, दोन, तीन अशा पायऱ्या आहेत. हिऱ्यावरच थांबवलं असतं, तर एखादा माणूस तिथे पोचून मोकळा झाला असता आणि स्वतःसाठी फोटो काढत सुटला असता. तो धोका दूरदृष्टीनं टाळलेला दिसतो.

निसर्ग विभागाचा नियम मात्र फार कडक आहे: चौकटीत माणसाची खूण दिसता कामा नये. दिसता कामा नये, एवढंच. त्यामुळे खंड्या ज्या पाण्यात पुन्हापुन्हा सूर मारतो, त्या पाण्याखाली मासे सोडलेलं घमेलं असलं तरी ते चौकटीच्या खाली राहतं. भिगवणला नाव जरा पुढे दामटली की रोहित पक्ष्यांचा थवा उडतो आणि उडालेल्या थव्याच्या फोटोत नाव येत नाही. कधीकधी परीक्षक जास्त खोलात शिरतात आणि मग विरस होतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. लांडगा शिकवलेला असावा, असं वाटून परीक्षकांनी २०१० च्या जानेवारीत तो काढून घेतला. छायाचित्रकारानं इन्कार केला. लांडग्याचं म्हणणं कुणी नोंदवलं नाही. पुढे २०१८ मध्ये त्याच स्पर्धेनं बक्षीसपात्र मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचं ठरवून तो फोटो बाद केला. त्याही छायाचित्रकारानं इन्कार केला. जंगलात इतका शांत, इतकं सहकार्य करणारा प्राणी विरळाच. पण गुणांची कदर नाही.

आणि अलीकडे तर परीक्षकांचीच परीक्षा घेण्याचा उद्धटपणा सुरू झाला आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंतानं सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एका विभागातलं बक्षीस मिळवलं आणि ते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलंय म्हणून नाकारलं. मिळालेलं बक्षीस नाकारतात? पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी उलटा डाव टाकला. पोट खाजवायला मान खाली घातल्यामुळे बिनडोक्याचा दिसणारा फ्लेमिंगो, कॅमेऱ्यानं काढलेला खराखुरा फोटो, त्यांनी एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागात पाठवला. परीक्षकांनी त्याला तिसरं बक्षीस दिलं, जनतेनंही मतं देऊन निवडला, आणि तो खरा असल्याचं उघड झाल्याबरोबर आयोजकांनी बाद केला. यावरून परीक्षकांना खरं-खोटं कळत नाही, असा निष्कर्ष काही जणांनी काढला. कळायचं काय कारण? त्यांना चांगलं-वाईट कळायचं होतं, आणि ते दोन्ही वेळेला कळलेलं दिसतं. विभाग चुकला, तो पाठवणाऱ्याचा.

परीक्षकच नकोत, ज्यानं पैसे भरले त्याचं काम लावा, असाही एक विचार आहे. तो करून झालेला आहे. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सनं ‘ना परीक्षक, ना बक्षिसं’ असं जाहीर करून प्रदर्शन भरवलं. सहा डॉलर भरा आणि भिंत घ्या. तेवढे भरून ‘आर. मट’ अशी सही केलेलं एक पोर्सेलिनचं मुतारीचं भांडं आलं, आणि जिथे कुणालाच नाकारायचं नव्हतं तिथे ते नाकारलं गेलं. ते पाठवलं होतं मार्सेल द्युशाँ यांनी, जे स्वतः त्या सोसायटीच्या संचालकांपैकी होते. त्यांनी राजीनामा दिला. मूळ भांडं पुढे हरवलं. आज ते आपल्याला माहीत आहे ते आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी काढलेल्या फोटोमुळे. नकारातून एक उत्तम फोटो निघाला, हे प्रवेश शुल्क भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

स्पर्धेच्या वाटेलाच न गेल्यास काय होतं, ते शिकागोच्या व्हिव्हियन मायर यांच्यावरून दिसतं. लोकांची मुलं सांभाळून पोट भरायचं आणि सवड मिळाली की रस्त्यावर फोटो काढायचे. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह साठल्या, कित्येक रोल तर धुतलेही नाहीत, आणि हे सगळं जवळपास कुणाला न दाखवता. २००७ मध्ये भाडं थकलेल्या गोदामातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा ते लोकांच्या हाती लागलं. त्या स्वतः २००९ मध्ये गेल्या. आता जगभर त्यांची प्रदर्शनं भरतात. पण नावापुढे एक अक्षर नाही.

आपल्याकडे प्रदर्शनाचा मुहूर्त शक्यतो १९ ऑगस्टच्या आगेमागे असतो, कारण १८३९ मध्ये त्या दिवशी फ्रान्सनं दागेरचं छायाचित्रणाचं तंत्र जगाला खुलं केलं. ते बिनशुल्क होतं, ही त्यातली त्रुटी नंतर सुधारली गेली. उद्घाटक उशिरा येतात, फीत कापतात आणि आपणही मोबाइलवर बरे फोटो काढतो हे सांगतात. अभिप्रायाच्या वहीत ‘अप्रतिम’ याखाली ‘अप्रतिम’ अशी रांग लागते. मधेच कुणीतरी ‘पार्किंगची सोय हवी’ असं लिहून जातो, आणि ती वहीतली एकमेव समीक्षा ठरते. निवड झालेला माणूस सहकुटुंब आपल्या फ्रेमशेजारी उभा राहतो, मुलगी त्याचा फोटो काढते. तो फोटो कुठल्याच विभागात बसत नाही.

निवड न झालेल्यांना पत्र येतं. प्रवेशिका मोठ्या संख्येनं आल्यामुळे निवड करणं कठीण गेलं, आपल्या छायाचित्राच्या दर्जाबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये, वगैरे. पत्र जपून ठेवावं, माउंट केलेला प्रिंट माळ्यावर टाकावा आणि फाइल तशीच शेजारच्या शहरातल्या स्पर्धेला पाठवावी. म्हातारी तीच, खिडकी तीच. ‘प्रतीक्षा’ खोडून फक्त ‘ओढ’ करायचं. तिथेही तिघांपैकी दोन परीक्षक तेच असण्याची शक्यता आहे, पण साडेनऊ सेकंदांत ओळख पटत नाही. आणि तारीख उलटून गेली असली तरी घाबरायचं कारण नाही. लोकाग्रहास्तव मुदत वाढवलेली असते.