हिरवळीचे जहागीरदार

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, लातूर किंवा तत्सम जिल्ह्याच्या ठिकाणी बंगला बांधून स्थायिक झालेला आणि त्या बंगल्यापुढील तुकड्यावर विलायती हिरवळ राखण्याचे असिधाराव्रत घेतलेला गृहस्थ मराठवाड्यात दुर्मीळ नाही. प्रत्येक वसाहतीत असा एक असतोच आणि लोक त्याला रावसाहेब म्हणतात. त्यामुळे आमच्या वसाहतीतील रावसाहेबांचे वर्णन केल्याने बाकीच्यांवर अन्याय होण्याचा फारसा संभव नाही.

ज्यांच्या हुकमावाचून एके काळी कालव्याचे दार उघडत नसे, ज्यांच्या दफ्तरात नमुना नंबर ७ चे पाणीअर्ज थकबाकीच्या शेऱ्यासह स्वस्थ निजून राहत, आणि कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी पाळी चुकल्याची फिर्याद घेऊन आला की जे त्याला उसाच्या तहानेवर अर्धा तास व्याख्यान देऊन कोरड्या हातांनी वाटेला लावीत, त्या रावसाहेबांच्या अखत्यारीत आता अवघे १०० चौरस मीटर क्षेत्र उरले आहे. बंदोबस्त मात्र पूर्वीचाच. हिरवळीवर कोणी बसावयाचे नाही, चालावयाचे तर नाहीच. पाहुण्यांच्या खुर्च्या फरशीवर मांडून त्यांची तोंडे हिरवळीकडे करण्यात येतात, आणि नातवाचा चेंडू तीवर गेला तर तो साहेब स्वतः, अनवाणी, काठाकाठाने जाऊन आणतात.

या जहागिरीची स्थापना मोठ्या खर्चाची होती. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते म्हणून, जिच्या वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ तीन पिढ्या दिवाणी दावे चालवितात अशी ती माती फूटभर खोल खणून ट्रॉलीतून बाहेर घालविण्यात आली; तिच्या जागी मुरूम, त्यावर लांबून आणलेली तांबडी माती, शेणखत, आणि सर्वांवर पुण्याच्या रोपवाटिकेतून चौरस फुटाच्या भावाने आणविलेले ‘मेक्सिकन’ गवताचे गालिचे. कापणीचे यंत्रही आले. हे यंत्र १८३० साली इंग्लंडात निघाले, जेथे पाऊस बारमाही रेंगाळतो आणि गवत न मागता वाढते. रावसाहेबांचे यंत्र वर्षातून दोनदा चालते आणि उरलेला काळ तेल पिऊन मोरीमागे विश्रांती घेते.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे गणित रावसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या उसाला लावले. वैशाखात हिरवळ दिवसाला सहा मिलिमीटर पाणी सहज पिते. म्हणजे ६०० लिटर, म्हणजेच दरडोई १३५ लिटरच्या शहरी मापदंडाने चार माणसांच्या वाट्याहून अधिक. हे त्यांना ठाऊक नाही असे कोण म्हणेल? परंतु स्वतःच्या अंगणाची आकडेमोड करणे हे त्यांच्या मते हिशेबतपासनिसाचे काम होय.

सन २०१६ चा उन्हाळा मात्र परीक्षा पाहणारा ठरला. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागू झाले. ११ एप्रिलला मिरजेहून निघालेली रेल्वे दुसऱ्या दिवशी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात दाखल झाली तेव्हा स्वागताला गेलेल्या गर्दीत रावसाहेब होते, आणि परत येताना त्यांची मुद्रा किंचित ओशाळलेली होती, असे निदान मला तरी वाटले. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास फर्माविले. मैदानाच्या हिरवळीवर न्यायासनाची दृष्टी पडलेली पाहून रावसाहेबांनी कुंपणाला आतून हिरवे कापड बांधले, टँकर दिवेलागणीनंतर बोलाविण्यास आरंभ केला, आणि बाईसाहेबांच्या भांडी धुतलेल्या पाण्यावर, कागदोपत्री नव्हे पण व्यवहारात, प्रथम हक्क सांगितला. बाईसाहेबांनी तो मान्य केला नाही. त्यांचे तुळशीवृंदावन हा जुना लाभधारक होता.

मे महिन्यात टँकरवाल्याने फोन उचलणे सोडले आणि मेक्सिकन गालिचा आधी पिवळा, मग तपकिरी होऊन कडांनी उचलला गेला.

रावसाहेबांचा माळी औशाकडचा. त्याचा आजा, बाप आणि तो स्वतः, तिघांचीही उमेद शेतातली हरळी खणण्यात खर्ची पडली. जमीन सुटली तेव्हा गवत लावण्याच्या मजुरीवर तो शहरात आला, आणि गवताला लोक पैसे देतात या गोष्टीचे त्याला वाटलेले आश्चर्य अद्याप ओसरलेले नाही. जूनच्या पहिल्या दोन पावसांनंतर त्या ओसाड तुकड्यावर, कोणी न लावता, न विचारता, हरळी उगवून आली. तिची खोडे जमिनीखाली दडून राहतात, उन्हाळा तिचे काही बिघडवू शकत नाही. आठवड्याभरात सगळे अंगण हिरवेगार झाले. माळ्याने हात जोडले.

“सायेब, फुकटात झालं की तुमचं लॉन.”

रावसाहेबांनी चष्मा पुसला, हिरवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली, आणि हे बेकायदा अतिक्रमण मुळासकट काढून नव्या गालिच्यासाठी जागा मोकळी करण्याचा आदेश दिला.

“पण सायेब, ही आमच्या आज्याला हटली न्हाई, माझ्या बापाला हटली न्हाई.”

“ते खासगी प्रयत्न होते,” रावसाहेब म्हणाले, आणि मुकादमाकडून आणखी दोन गडी मागविण्यासाठी आत गेले.